कुमानोच्या पाखाड्या: जपानच्या किनाऱ्यावरची 'इसेजी' पायी कशी करावी

जपानच्या किई द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर ओवासे म्हणून एक मासेमारीचं शहर आहे. नावाला शहर, आकाराने गावच. तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे पाऊस खालून वर पडतो. थेंब इतक्या जोरात आपटतात की उसळून पोटऱ्या भिजवतात. वर्षाचा पाऊस साधारण ४,००० मिलिमीटर. २६ सप्टेंबर १९६८ या एका दिवसात तिथे ८०६ मिलिमीटर पडला होता. २००५ च्या २६ जुलैचे सांताक्रूझचे ९४४ ज्यांना आठवतात, त्यांना आकडा उलगडून सांगायला नको.

कोकणातल्या माणसाला ही जागा परकी वाटत नाही. समोर समुद्र, पाठीला डोंगर, मधे चिंचोळी सपाटी, आणि गावामागून डोंगरात चढत जाणारी दगडी पाखाडी. आपली पाखाडी जांभ्याची, त्यांची काळ्या-करड्या धोंड्यांची. कारण मात्र एकच. माती उघडी ठेवली तर वाट एका पावसाळ्यात ओढ्याला मिळेल, म्हणून दगड बसवायचे. या पाखाड्या ज्या जुन्या वाटेचे तुकडे आहेत तिचं नाव इसेजी. इसेच्या महामंदिरापासून कुमानोच्या तीन देवस्थानांपर्यंत जाणारी ही यात्रावाट साधारण १७० किलोमीटरची आहे. ती कशी करायची, काय गाळायचं आणि कुठे थांबायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: वाट नीट निवडा

'कुमानो कोदो' म्हणजे कुमानोच्या जुन्या वाटा. वाट एक नाही, अनेक आहेत. होंगू, हायातामा आणि नाची ही कुमानोची तीन मोठी देवस्थानं, आणि तिथे क्योतोकडून, कोयासान डोंगरावरून, योशिनोहून आणि इसेहून वेगवेगळ्या वाटा येतात. २००४ मध्ये युनेस्कोने या देवस्थानांना आणि वाटांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

परदेशी पाहुणे बहुतेक करून नाकाहेची ही वाट धरतात. ती राजघराण्याची वाट. निवृत्त सम्राट गो-तोबा तिच्यावरून २८ वेळा कुमानोला गेला. वाट सुंदर आहे, पाट्या भरपूर आहेत, सोबतही मिळते. पण ती जंगलाच्या पोटातून जाते. समुद्र हवा असेल तर तिकडे जाऊ नका.

इसेजी ही सामान्यांची वाट. एदो काळात (१६०३ ते १८६८) शेतकरी, कारागीर, दुकानदार इसेचं दर्शन आटोपून याच वाटेने पुढे निघत. कुमानो करायचं आणि तिथून कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, ३३ मंदिरांची यात्रा धरायची. त्या यात्रेतलं पहिलं मंदिर नाचीलाच आहे. 'इसेला सात वेळा, कुमानोला तीन वेळा' अशी जुनी म्हण आहे, आणि कुमानोच्या यात्रेकरूंना मुंग्यांच्या रांगेची उपमा देत. आषाढात दिवे घाट पाहिलेल्यांना ही रांग डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

आता खरा प्रश्न: सगळी १७० किलोमीटर चालायची का? माझं मत, नाही. बराच भाग आज डांबरी रस्त्यावरून, गावांमधून, ट्रकांच्या शेजारून जातो. जुनी वाट जिवंत आहे ती खिंडींमध्ये. तिथे ती का टिकली याचं उत्तर साधं आहे: नवा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बोगद्यांतून गेली, आणि डोंगरावरची पाखाडी जशी होती तशी मागे राहिली. मिकिसातो ते आताशिका हा रेल्वेचा शेवटचा तुकडा १९५९ मध्ये जोडला गेला. त्याआधी ओवासेहून कुमानोला सलग रेल्वेच नव्हती.

आपल्या सोयीचंही हेच आहे. प्रत्येक खाडीला एक लहानसं स्टेशन आणि दोन खाड्यांच्या मधे एक खिंड. एका स्टेशनवर उतरायचं, खिंड ओलांडायची, पलीकडच्या स्टेशनवर गाडी धरून मुक्कामी यायचं. पाठीवर फक्त दिवसाची शिदोरी.

जपानी पाट्यांवर खिंडीला 'तोगे' म्हणतात. हा एक शब्द डोक्यात ठेवा, रोज लागेल.

दुसरी पायरी: महिना ठरवा

ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर, किंवा मार्चची अखेर ते मे. जून-जुलैत त्यांचा पावसाळा, ऑगस्टमध्ये दमट उकाडा, सप्टेंबरमध्ये वादळं. २०११ च्या सप्टेंबरमधल्या वादळाने या द्वीपकल्पात दरडी कोसळून आणि नद्या फुगून मोठी हानी झाली. नाचीच्या खोऱ्याला त्याचा जबर तडाखा बसला. वादळाचा इशारा असेल तर दोन दिवस नागोयात काढा, हट्ट करू नका.

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानी लोकांच्या सलग सुट्ट्या असतात, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. १७ ऑगस्टला कुमानो शहराच्या किनाऱ्यावर आतषबाजीचा मोठा सोहळा होतो. त्या सुमारास तर विचारूच नका.

नोव्हेंबरमध्ये सूर्य पावणेपाच-पाचलाच मावळतो आणि घनदाट झाडीत चारलाच अंधारून येतं. दुपारी तीनपर्यंत खिंड उतरून झालेली असावी, असा बेत आखा.

तिसरी पायरी: पोचायचं कसं

व्हिसा आधी काढा. तिकडचं विमान शक्यतो नागोयाचं घ्या. मुंबईहून बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे ते जमतं. टोकियोत उतरलात तर शिनकानसेन या बुलेट ट्रेनने नागोया गाठा.

नागोयाहून 'नानकी' नावाची जलद गाडी किनाऱ्याकडे जाते. ओवासेला सुमारे अडीच तास, कुमानो-शी स्टेशनला तीन तास, शिंगूला त्याहून थोडं जास्त. दिवसाला अशा चारच फेऱ्या असतात, तेव्हा आधी या गाडीची वेळ ठरवायची आणि मग बाकीचं. जाताना डाव्या हाताची खिडकी मागा. समुद्र त्या बाजूला येतो.

एक खाचखळगा. नानकी मधे थोडं अंतर इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीच्या रुळांवरून धावते. देशभर चालणारा जेआर (जपान रेल्वे) पास तिथे लागू नाही, त्या तुकड्याचे पैसे गाडीत वेगळे द्यावे लागतात. इसे-कुमानो-वाकायामा भागासाठी परदेशी पर्यटकांना मिळणारा पाच दिवसांचा पास आहे, त्यात हा तुकडा धरलेला असतो. फक्त हाच भाग करणार असाल तर तोच घ्या.

लोकल गाड्या मात्र दोन-दोन, कधी तीन-तीन तासांनी. माझी एक गाडी चार मिनिटांनी चुकली आणि बाकावर बसून अडीच तास मी समुद्र पाहिला. तक्रार नाही, पण दुसऱ्या दिवशीपासून वेळापत्रकाचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवला.

लोकलमध्ये चढण्याची रीत वेगळी आहे. लहान स्टेशनांवर माणूसच नसतो. मागच्या दाराने चढायचं, दाराशी असलेल्या यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर त्या आकड्यापुढे भाडं दिसतं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि सुटे पैसे पेटीत टाकायचे. मोठ्या शहरात चालणारी कार्डं इथे धरून चालू नका. हजाराच्या नोटा आणि चिल्लर जवळ ठेवा. रोख काढायला किराणा-सुविधा दुकानांतली, म्हणजे कोन्बिनीतली, यंत्रं बरी.

चौथी पायरी: मुक्काम आणि सामान

दोन मुक्काम पुरतात: ओवासेत दोन रात्री, कुमानो-शी किंवा शिंगूला दोन-तीन. रोज नवं गाव करू नका, गाड्यांच्या वेळा अंगावर येतात.

मोठी बॅग नागोयाहून 'ताक्क्युबिन' या घरपोच सेवेने पुढच्या मुक्कामी पाठवता येते. कोन्बिनीत देता येते, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. किंवा नागोया स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा आणि पाठपिशवीवर निघा.

घरगुती खानावळ-वजा मुक्कामाला 'मिन्शुकु' म्हणतात. संध्याकाळी पाच-सहाच्या आत पोचायचं, कारण जेवण ठरल्या वेळी मांडतात. उशीर होणार असेल तर फोन करा. पोचल्यावर आधी आंघोळ. बाहेर स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच गरम पाण्याच्या टाकीत शिरायचं. ते पाणी घरातले सगळे वापरतात, साबण आत नेऊ नका.

शाकाहारी मंडळींसाठी, आधीच

हे मासळीचं गाव आहे आणि अडचण मासळीची नाही, 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचं पाणी. आमटीत, भाजीत, नूडल्समध्ये, तळलेल्या टोफूवर, सगळीकडे ते असतं. 'मासे नकोत' म्हटलं की माशाचा तुकडा काढून तीच आमटी समोर येते, आणि वाढणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं.

खोली घेतानाच लिहून कळवा, आणि जपानीत छापलेली चिठ्ठी जवळ ठेवा. तोंडी सांगायचं तर: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देसु.' म्हणजे मांसही नाही, मासेही नाहीत, दाशीसुद्धा चालत नाही. लहान मिन्शुकुला हे जमेलच असं नाही. अशा वेळी जेवणाशिवाय फक्त खोली घ्या. कोन्बिनीतला उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भाताचा गोळा, उकडलेले रताळे, केळी, दाणे आणि घरून नेलेल्या थेपल्या-मेतकूट यांवर चार दिवस सुखाने निघतात. मेतकूट त्या गरम चिकट भाताबरोबर इतकं जुळतं की मी तर त्याची पुडी परतीच्या विमानापर्यंत पुरवली.

मासे खाणाऱ्यांनी मात्र सान्मा-झुशी, म्हणजे सान्मा माशाची सुशी, सोडू नये. मेहारी-झुशीही इथलीच: खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेला भाताचा मोठा गोळा, रानात जाणाऱ्यांची शिदोरी. आणि संत्री. कुमानोपुढच्या किनाऱ्यावर डोंगराच्या उतरणी बागांनी भरलेल्या आहेत.

पहिला दिवस: इसे

वाट जिथून निघते तिथे एकदा डोकं टेकवून निघावं. इसेला दोन मुख्य देवळं आहेत. रिवाज असा की आधी बाहेरचं, गेकू, आणि मग आतलं, नाइकू. देऊळ साध्या लाकडाचं, रंग नाही, आणि दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नव्याने बांधलं जातं. मागचं २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये. दर्शनाची रीत: दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, हा फरक लक्षात असू द्या.

इथून लोकलने ताकी जंक्शन आणि तिथून नानकीने ओवासे. चालण्याची चांगली सवय असेल आणि एक दिवस हाताशी असेल तर मधे त्सुझुरातो तोगे करा. उमेगादानी स्टेशनला उतरून ३५७ मीटरची खिंड चढायची आणि किई-नागाशिमाला उतरायचं. इसेहून निघालेल्या यात्रेकरूला कुमानोचा समुद्र पहिल्यांदा दिसायचा तो याच खिंडीतून.

दुसरा दिवस: मागोसे तोगे

एकच खिंड करायची असेल तर ही करा.

सकाळच्या लोकलने ओवासेहून एकच स्टेशन मागे, आइगाला जायचं. स्टेशनपासून वाटेच्या तोंडापर्यंत हमरस्त्याच्या कडेने अर्धा तास. तोंडाशी पाटी आहे आणि बहुधा काठ्याही ठेवलेल्या असतात. काठी घ्या, लाजू नका. पलीकडे उतरलात की परत ठेवायची. शौचालय इथेच उरकून घ्या, वर काही नाही.

पाखाडी पहिल्या पावलापासून सुरू होते आणि जवळजवळ दोन किलोमीटर सुटत नाही. दोन्ही बाजूंना हिनोकीची झाडं. सरूच्या जातकुळीतलं हे सरळसोट झाड, खोड तांबूस, फांद्या वरच्या वर. ओवासेचा हिनोकी घर बांधायला नावाजलेला. डोंगर तीव्र आणि माती पातळ म्हणून झाड सावकाश वाढतं, त्यामुळे लाकूड घट्ट. झाडांखाली नेच्यांचं कंबरभर रान.

आता खाली बघा. कुठलाही दगड घडवलेला नाही. सपाट तोंड वर येईल असा निवडून तो उतारात रोवलेला आहे. काही दगड दोन माणसांना उचलणार नाहीत असे. ओहोळ आडवा येतो तिथे वाट थोडी खोलगट करून घट्ट फरसबंदी केलेली दिसते. पाणी अडवण्याऐवजी दगडांवरून वाहून जाऊ द्यायचं. एका ठिकाणी ओढ्यावर एकसंध दगडी शिळेचा पूल आहे. हा भाग जपानचे सत्ताधारी असलेल्या तोकुगावा घराण्याच्या किशू शाखेच्या अमलाखाली होता आणि एदो काळात वाटेची देखभाल होत असे. सगळा खटाटोप पावसासाठी. म्हणून एखादा रिमझिम दिवस मिळाला तर बेत रद्द करू नका. ओले दगड चमकतात, हिनोकीचा वास खाली उतरतो, आणि ही वाट कोणी कशासाठी बांधली ते पायाला कळतं. मुसळधार असेल तर मात्र खोलीतच बसा.

ओल्या पाखाडीवर चालायची कोकणी युक्ती इथेही चालते: पाऊल आडवं टाकायचं, टाच आधी टेकवायची नाही, शेवाळलेल्या गोल दगडापेक्षा दोन दगडांमधल्या फटीत पाय ठेवायचा. बूट नवे नकोत. मऊ रबराचा खोल खाचांचा तळवा हवा.

वाटेत एक दगडी कोनाडा लागेल. आत योनाकी जिझो, 'रात्रीच्या रडण्याचा जिझो'. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व, वाटसरूंचा आणि लेकरांचा राखणदार. पूर्वी हा वाटसरूंसाठी होता, पुढे रात्री किरकिरणाऱ्या बाळांच्या आया त्याला साकडं घालू लागल्या. या वाटांवरच्या जिझोंच्या गळ्यात बऱ्याचदा लाल कापड बांधलेलं असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं उपरणं आहे. ते लाळेरं असतं.

तासाभरात ३२५ मीटरच्या माथ्यावर पोचता. इथून समुद्र फारसा दिसत नाही आणि अनेकांचा हिरमोड होतो. पाय शाबूत असतील तर डावीकडे न बघता उतरू नका: बाजूने तेंगुरा-सान या ५२२ मीटरच्या सुळक्याला वाट जाते. अर्धा तास खडी चढण, माथ्यावर घराएवढा धोंडा आणि त्याला लोखंडी शिडी. वर चढलात की ओवासेची अख्खी खाडी पायाशी. ओल्या दिवशी शिडीला हात लावू नका.

पलीकडचा उतार ओवासेत घेऊन जातो. सगळं मिळून अडीच-तीन तास, सुळका धरला तर चार-साडेचार. दुपार उरली तर प्रीफेक्चरचं, म्हणजे तिथल्या प्रांत-सरकारचं, कुमानो कोदो केंद्र बघा. हिनोकीचं काम बघण्यासारखं आहे.

ओवासेहून पुढे याकियामा ही या वाटेवरची सर्वांत अवघड चढण आहे, ६०० मीटरच्या वर. यात्रेकरू तिला भीत. सह्याद्रीत नेहमी फिरत असाल तरच करा, पूर्ण दिवस राखून. समुद्रासाठी आलेल्या माणसाने ती गाळली तर काही बिघडत नाही.

तिच्या पुढची, काता ते निगिशिमा ही वाट मात्र नावासाठी तरी लक्षात ठेवावी: जिरो-झाका आणि तारो-झाका. जिरो-तारो ही घरोघरची मुलांची नावं वाटतात, पण मूळ शब्द 'जिर्‍यो' आणि 'तार्‍यो', म्हणजे आपली हद्द आणि परकी हद्द. दोन प्रांतांची शीव त्या माथ्यावर होती. वाटेच्या कडेला रानडुकरं अडवायला रचलेले दगडी गडगे आहेत. अगदी आपल्या गडग्यांसारखे.

तिसरा दिवस: हादासु ते मात्सुमोतो

हा समुद्राचा दिवस. सकाळी लोकलने हादासु. फलाटावरून खाली खाडी दिसते आणि गाडी गेली की काही ऐकू येत नाही.

हादासुची पाखाडी जेमतेम ३०० मीटर आहे, पण कामाकुरा काळातली (साधारण ११८५ ते १३३३), म्हणजे इसेजीवरची सर्वांत जुनी. दगड जाड आणि मोठे; कालच्या मागोसेच्या दगडांशी मनातल्या मनात ताडून पाहा. गावात जोफुकुचं लहान देऊळ आहे. चीनच्या पहिल्या सम्राटाने अमृत शोधायला पाठवलेला हा माणूस इथे किनाऱ्याला लागला, अशी गावाची श्रद्धा.

पुढे ओबुकी तोगे, कळकीच्या बेटांतून, आणि खाली ओदोमारीची खाडी. साधारण दोन तास. इथे समुद्राकाठी बसून शिदोरी सोडा.

मग मात्सुमोतो तोगे. उंची फक्त १३५ मीटर, मुलाबाळांसह जमेल अशी. माथ्यावर बांबूंमध्ये माणसाएवढा जिझो उभा आहे. त्याच्या पायाशी बंदुकीच्या गोळीचं भोक दाखवतात. गोष्ट अशी की एक नेमबाज रात्री वर आला आणि अंधारात उभ्या मूर्तीला भूत समजून त्याने बार काढला. इथून सरळ खाली उतरू नका. डावीकडे डोंगरधारेने दहा-पंधरा मिनिटं गेलं की एक आडोशाची बैठक आहे आणि तिथून शिचिरी मिहामाचा २२ किलोमीटरचा किनारा एका वाकात दिसतो. या वाटेवरचा सर्वांत चांगला देखावा हाच, माझ्या मते.

तीच धार पुढे ओनिगाजोला, 'राक्षसाच्या गडा'कडे उतरते. लाटांनी कोरलेल्या आणि भूकंपांनी वर उचललेल्या कपारी किलोमीटरभर पसरल्यात. कड्याला खोदलेल्या अरुंद वाटेने त्यांच्यामधून जायचं. लाटा मोठ्या असल्या किंवा दरड आली की ती बंद ठेवतात. आदल्या दिवशी मुक्कामी विचारून घ्या आणि बंद असेल तर दोरी ओलांडू नका. तिथून कुमानो-शी स्टेशन पायी.

चौथा दिवस: किनारा आणि शिंगू

कुमानो-शीहून किनाऱ्याने निघा. आधी शिशी-इवा, २५ मीटरचा सिंहमुखी खडक, मग वीसेक मिनिटांत हाना नो इवाया. इथे गाभारा नाही, ४५ मीटरचा उभा कडाच देव. जगाला जन्म देणारी इझानामी इथे पुरली गेली असं ७२० सालच्या 'निहोन शोकी' या ग्रंथात आहे. २ फेब्रुवारी आणि २ ऑक्टोबरला गावकरी कड्याच्या माथ्यावरून लांबलचक दोर ताणतात. जमलं तर तारीख साधा.

पुढचा २२ किलोमीटर किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. तासाभरात पोटऱ्या भरून येतात. जुने यात्रेकरू नद्यांच्या मुखाशी लाट आणि प्रवाह यांच्यात सापडून बुडत. दोन-तीन किलोमीटर चाला, खिशात एखादा काळा गोटा घालायचा मोह आवरा, आणि मागच्या पाइनच्या राईतून रस्त्यावर या. पाण्यात उतरू नका. तळ एकदम खोल जातो आणि पोहायला बंदी आहे.

मग गाडीने शिंगू. हायातामा देवस्थान सपाटीवर आहे, दर्शन सोपं. कामिकुराचं मात्र मांडीवर येतं: ५३८ दगडी पायऱ्या, एकही सारखी नाही, सुरुवातीला तर हात टेकून चढावं अशी चढण. वर गोतोबिकी-इवा हा प्रचंड धोंडा आणि समोर शहर आणि समुद्र. ६ फेब्रुवारीच्या रात्री पांढऱ्या कपड्यांतले पुरुष पेटत्या मशाली घेऊन या पायऱ्यांवरून धावत उतरतात. उजेडी, रिकाम्या हातांनी उतरतानाही माझे गुडघे बोलत होते. चपला घालून चढू नका.

पाचवा दिवस: नाची

किई-कात्सुउराहून बसने दाइमोन-झाकाच्या थांब्यावर उतरा. थेट धबधब्यापर्यंत बस जाते, पण मग वाट हुकते. ६०० मीटर लांबीची, २६७ पायऱ्यांची ही पाखाडी 'सुगी' नावाच्या शेकडो वर्षांच्या सूचिपर्णी वृक्षांमधून जाते. सकाळी आठच्या आत पोचा. दहानंतर फोटोवाल्यांची रांग लागते. वर कुमानो नाची ताइशा आणि त्याला लागूनच सेइगान्तो-जी हे बौद्ध मंदिर. पलीकडे १३३ मीटरचा धबधबा. तोच मूळ देव.

सेइगान्तो-जीची स्थापनाकथा आपल्याशी जोडलेली आहे. राग्यो शोनिन नावाचा भारतातून आलेला भिक्षू जहाज फुटून कुमानोच्या किनाऱ्याला लागला आणि धबधब्याखाली तप करून त्याने हे स्थान मांडलं, असं सांगतात. नावाचा अर्थ 'नग्न साधू'. दंतकथा आहे, पण देवळात ती कान देऊन ऐकावीशी वाटते.

खाली नाची स्टेशनजवळ फुदाराकुसान-जी आहे. गर्दी तिकडे वळत नाही, तुम्ही वळा. फुदाराकु म्हणजे संस्कृतातलं पोतलक, अवलोकितेश्वराचं दक्षिण समुद्रातलं निवासस्थान. इसवी सन ८६८ पासून १७२२ पर्यंत अनेक भिक्षू इथून एका बंद होडीत बसून त्या बेटाच्या शोधात निघाले. परत यायचं नव्हतंच. तशा होडीची प्रतिकृती आवारात आहे: मधे खोपटं, चारी बाजूंना चार 'तोरी', म्हणजे देवळापुढे असतात तशा कमानी, बाहेरून खिळून टाकण्याजोगं दार. खोपटं इतकं लहान की आत माणूस मांडी घालून बसला तर कसाबसा मावेल.

अडीअडचणीचं

इसेजीच्या खिंडींमध्ये दर १०० मीटरवर आकड्यांचे लहान खुंट आहेत. जाताना शेवटचा आकडा बघत राहा. पाय मुरगळला तर मदतीला फोन करताना तोच तुमचा पत्ता. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११०.

मामुशी नावाचा विषारी साप, मोठी गांधीलमाशी आणि क्वचित अस्वल ही इथली जनावरं. पिशवीला लहान घुंगरू बांधा, दाट नेच्यांत पाय घालू नका, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोळ्याची भुणभुण ऐकू आली तर आल्या पावली मागे फिरा.

किनाऱ्यावर भूकंपाचा धक्का जाणवला तर सायरनची वाट न बघता उंचावर जायचं. १९४४ च्या डिसेंबरमधल्या भूकंपानंतरच्या त्सुनामीने ओवासेचं फार नुकसान केलं होतं. गावात शिरलं की समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणाऱ्या पाट्या आणि वर जाणाऱ्या पायऱ्या हेरून ठेवा. मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी हे पाच मिनिटांचं काम आहे.

कचराकुंडी कुठेच नसते, केळ्याची सालंसुद्धा परत आणायची. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं; खिंड चढण्याआधी दीड लिटर भरून घ्या, वर मिळत नाही.

परतीच्या नानकीत उजव्या हाताची खिडकी मागा. बोगदे एकामागून एक येतात, मधे पाच-सात सेकंद खाडी दिसते आणि पुन्हा अंधार. वरच्या कुठल्या डोंगरावरून आपण चाललो ते ओळखायचा खेळ किई-नागाशिमापर्यंत चालतो, त्यानंतर गाडी समुद्राला पाठ फिरवते.